सोन्याची कडी आणि ओहमचा नियम

नववीला धाराविद्युत शिकवत होतो. आमची शाळा भिवंडीतली. मागच्या गल्लीत यंत्रमागांचे कारखाने आहेत. वीज असली की त्यांचा खडखडाट इतका, की शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायला घसा ताणावा लागतो. वीज गेली की पंखे थांबतात, पण शिकवणे सोपे होते. अशाच एका वीज गेलेल्या तासाला मी फळ्यावर रोधांची समांतर जोडणी काढली होती. दोन ओहमचे दोन रोध समांतर जोडले की परिणामी रोध एक ओहम. तार जाड केली की रोध कमी, बारीक केली की जास्त. एका मुलीने हात वर केला. तिचे वडील माग चालवत. ती म्हणाली, "सर, तार बारीक करत गेलो, अजून बारीक, अजून बारीक, तर हा नियम कुठवर चालेल?"

मी म्हणालो, "कुठवरही. नियम तो नियम." ती खाली बसली आणि मी पुढचे उदाहरण घातले.

ते उत्तर चूक होते. किती चूक होते हे मला पुष्कळ वर्षांनी कळले, तोवर ती मुलगी शाळा सोडून गेलेली होती. पण तोच प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतेच, आणि तुमच्याही वर्गात विचारला जात असणार. म्हणून ही सगळी हकिकत सविस्तर सांगतो.

आपण वर्गात जे चित्र रंगवतो ते असे. धातूच्या तारेत मुक्त इलेक्ट्रॉन असतात. विभवांतर दिले की ते एका दिशेने सरकू लागतात, वाटेत अणूंवर आदळतात, दिशा बदलतात, पुन्हा सरकतात. मंडईच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या माणसासारखे. या चित्रातली एक गोष्ट आपण कधी बोलून दाखवत नाही. ती अशी, की प्रत्येक धडकेनंतर इलेक्ट्रॉन मागचे सगळे विसरतो. म्हणूनच तारेच्या एका तुकड्याचा रोध हा त्या तुकड्याचा खासगी मामला असतो. शेजारच्या तुकड्यात काय चालले आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. एकसर जोडणीत आपण रोधांची बिनदिक्कत बेरीज करतो ती यामुळेच. समांतर जोडणीचे सूत्रही याच विसराळूपणावर उभे आहे.

आता एक कडी घ्या. एका बाजूने तार येते, तिच्या दोन शाखा होतात, कडीच्या दोन अर्धगोलांतून जातात आणि पलीकडे पुन्हा एक होतात. आपल्या दृष्टीने ही साधी समांतर जोडणी. कडीच्या मधल्या भोकातून चुंबकीय क्षेत्र पाठवले आणि ते हळूहळू वाढवत नेले, तर कडीचा रोध किती बदलेल? आपले सूत्र म्हणेल, जवळजवळ मुळीच नाही. भोकातल्या क्षेत्राचा तारेतल्या इलेक्ट्रॉनशी संबंधच काय?

१९८५ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या यॉर्कटाउन हाइट्स येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत रिचर्ड वेब, शॉन वॉशबर्न, कोर्विन उम्बाख आणि रॉबर्ट लायबोविट्झ यांनी हेच मोजले. त्यांची कडी सोन्याची होती. तिचा व्यास होता सुमारे ०.८ मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीवर अशा ऐंशीएक कड्या ओळीने मांडता येतील. कडीची तार सुमारे ४० नॅनोमीटर रुंद. सोन्याचे फार तर दीडशे अणू शेजारीशेजारी मावतील इतकी. ही कडी त्यांनी निरपेक्ष शून्याच्या वर एक शतांश केल्विन इतकी थंड केली, आणि क्षेत्र वाढवत नेले. रोध वाढला, कमी झाला, पुन्हा वाढला, पुन्हा कमी झाला. घड्याळाच्या लंबकासारखा, ठरावीक अंतराने. बदल लहान होता, हजारात सुमारे एक भाग. पण त्याची नियमितता विलक्षण होती. क्षेत्र ०.००७६ टेस्लाने वाढले की एक आवर्तन पूर्ण.

याचा अर्थ असा, की सोन्यातला इलेक्ट्रॉन कडीच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी जात होता, आणि पलीकडे पोचल्यावर स्वतःशीच जुळवून घेत होता किंवा स्वतःलाच पुसून टाकत होता. लहरी असे करतात. त्याला आपण व्यतिकरण म्हणतो.

कापडातून प्रकाश

व्यतिकरण फळ्यावर शिकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन फाटी आणि पडदा काढून दाखवले की मुले आकृती पाठ करतात आणि घटना विसरतात. आमच्या गावात याला एक सोपा उपाय आहे, आणि तो तुमच्याही गावात असेल.

बारीक विणीचे, पातळ, कृत्रिम धाग्याचे कापड घ्या. सुती कापडाला लव असते, त्यामुळे ते तितकेसे चालत नाही. लाल लेसर पॉइंटर टेबलावर पुस्तकांच्या मध्ये घट्ट बसवा, त्याचे बटण कपड्याच्या चिमट्याने दाबून ठेवा आणि झोतासमोर कापड ताणून धरा. पाच मीटरवरच्या भिंतीवर, खोली अंधारी करून पाहा. एका ठिपक्याऐवजी ठिपक्यांची फुली दिसेल. एक ओळ आडवी, एक उभी. (लेसर कोणाच्याही डोळ्यांत जाणार नाही, आरशावर किंवा चकचकीत पृष्ठभागावर पडणार नाही, याची काळजी घ्या. पॉइंटर मुलांच्या हातात देऊ नका.) ताण्याच्या धाग्यांमधल्या फटींमुळे आडवी ओळ मिळते, बाण्याच्या धाग्यांमधल्या फटींमुळे उभी. शेजारच्या दोन फटींतून आलेल्या लहरी भिंतीवर ज्या ठिकाणी उंचवट्यावर उंचवटा अशा पोचतात तिथे ठिपका. उंचवट्यावर खळगा आला की अंधार.

लगतच्या ठिपक्यांमधले अंतर मोजा. लेसरची तरंगलांबी, साधारण ६५० नॅनोमीटर, गुणिले भिंतीपर्यंतचे अंतर, भागिले ठिपक्यांमधले अंतर. उत्तर येते ते दोन धाग्यांमधले अंतर. भिंतीवर ठिपके एकेक सेंटिमीटरवर पडले, तर धागे सुमारे ०.३२ मिलिमीटरवर आहेत, म्हणजे इंचात ऐंशीच्या आसपास. आमच्या वर्गातल्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी धागे मोजायचे भिंग असते. ती मुले भिंगाखाली सुईने धागे मोजून हा आकडा पडताळून पाहतात, आणि तो जुळला की त्यांना प्रकाशाच्या लहरीबद्दल जी खात्री वाटते ती माझ्या बोलण्याने कधीच वाटली नसती.

आता कापड बाजूला ठेवा आणि झोतासमोर बटर पेपरचा किंवा ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरा. हा प्रयोग जरूर करून पाहा, पुढचा सगळा लेख त्यावर उभा आहे. कागदाचा पृष्ठभाग वेडावाकडा आहे, त्यात कसलीही नियमित वीण नाही. आपल्याला वाटेल की भिंतीवर नुसता सारखा उजेड पसरेल. तसे होत नाही. तिथे प्रकाशाचे असंख्य बारीक दाणे दिसतात. कुठे उजळ, कुठे काळे. कागद चिमट्याने घट्ट बांधला असेल तर हे दाणे तसूभरही हलत नाहीत. अर्ध्या तासाने पाहा, तीच नक्षी. दुसरा तुकडा लावा, नवी नक्षी. पण तीही ठाम. कागद वेडावाकडा असल्यामुळे व्यतिकरण नष्ट झालेले नाही, फक्त त्याचे चित्र वेडेवाकडे झाले आहे.

मग कागद बोटाने भराभर हलवा. दाणे पुसले जातात आणि भिंतीवर सपाट उजेड उरतो. हरघडी नवी नक्षी तयार होते, आणि आपला डोळा त्या सगळ्यांची सरासरी काढतो.

स्थिर अव्यवस्था व्यतिकरण मारत नाही. हलती अव्यवस्था मारते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा.

तज्ज्ञांचाही अंदाज चुकला होता

इलेक्ट्रॉनला लहरीचे गुणधर्म असतात हे दे ब्रॉय यांनी १९२४ मध्ये मांडले आणि १९२७ मध्ये डेव्हिसन आणि जर्मर यांनी निकेलच्या स्फटिकावर ते दाखवून दिले. त्याच वर्षी जी. पी. टॉमसन यांनी पातळ पापुद्र्यांतून इलेक्ट्रॉन पाठवून विवर्तनाची कडी मिळवली. (वडील जे. जे. टॉमसन यांना इलेक्ट्रॉनच्या शोधाचे श्रेय मिळते, मुलाला तो लहर असल्याचे दाखवल्याबद्दल नोबेल. या घरातल्या जेवणाच्या गप्पा ऐकायला मिळायला हव्या होत्या.) पण हे सगळे निर्वात नळीतले इलेक्ट्रॉन. धातूच्या आत, अशुद्धींच्या आणि वाकड्यातिकड्या स्फटिककणांच्या जंजाळात, लहर टिकेल का?

सोन्यातल्या, विद्युतधारा वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे अर्धा नॅनोमीटर असते. वर्गातल्या आपल्या चित्रातली एक दुरुस्ती इथेच करून घ्यावी. अणू अगदी नियमित रांगांत आणि निश्चल असतील, तर इलेक्ट्रॉनची लहर त्यांच्यामधून न अडखळता निघून जाते. हे फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ मध्ये दाखवले. म्हणजे इलेक्ट्रॉन 'अणूंवर' आदळत नाही. तो विखुरतो तो रांगेतल्या चुकांमुळे: परका अणू, रिकामी जागा, स्फटिककणाची कड, तारेचा खडबडीत काठ, आणि अणूंची थरथर.

सोन्याच्या त्या बारीक तारेत इलेक्ट्रॉन दर काही दशक नॅनोमीटरनंतर कुठे तरी विखुरतो. अर्धी कडी ओलांडेपर्यंत, वेडीवाकडी वाट चालत, तो शेकडो वेळा दिशा बदलतो. इतक्या धडकांनंतर लहरीची कला, म्हणजे उंचवटे आणि खळगे नेमके कुठे आहेत याची नोंद, शाबूत राहील असे फार थोड्यांना वाटत होते. यॉर्कटाउनचा प्रयोग होईपर्यंत, अशुद्ध धातूच्या एकट्या कडीत असे व्यतिकरण दिसणार नाही, असे म्हणणारे जाणकार भौतिकशास्त्रज्ञ होते.

त्यांचे कुठे चुकले ते बटर पेपरने आपल्याला सांगितलेच आहे. परका अणू जागचा हलत नाही. त्याच्यावर विखुरलेल्या लहरीची कला बदलते हे खरे, पण प्रत्येक वेळी ती तेवढीच बदलते. आमच्या मुलांना मी मागाचे उदाहरण देतो. फणीचा एक दात वाकला तर ताग्यावर उभी रेघ येते. तो दोष आहे, पण तो पहिल्या वारापासून शेवटच्या वारापर्यंत त्याच जागी आहे. कापड पाहून कोणता दात वाकला ते सांगता येते. माहिती हरवलेली नाही.

थरथरणाऱ्या अणूची गोष्ट निराळी. इलेक्ट्रॉन त्याच्यावर विखुरतो तेव्हा ऊर्जेची देवाणघेवाण होते, अणूंच्या थरथरीत त्याची खूण मागे राहते, आणि पुढच्या इलेक्ट्रॉनच्या वेळी परिस्थिती बदललेली असते. हा हलता बटर पेपर. इलेक्ट्रॉन एकमेकांना जे ढकलतात त्यातूनही हेच घडते. खोलीच्या तापमानाला सोन्यात हे इतक्या वेळा होते, की काही दशक नॅनोमीटर जाईपर्यंतच कलेचा पत्ता लागत नाही. तापमान एक केल्विनच्या खाली नेले की थरथर जवळजवळ थांबते, आणि एकच इलेक्ट्रॉन-लहर एक मायक्रोमीटर किंवा त्याहून अधिक अंतर आपली कला सांभाळून जाते. धातू तोच, अशुद्धी तेवढ्याच. थंडीमुळे दुसराही एक फायदा होतो. उष्ण धातूत वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जा निरनिराळ्या असतात, जणू अनेक रंगांचा प्रकाश. प्रत्येक रंगाची नक्षी वेगळी आणि सगळ्या मिसळून पुसट. थंड धातूत जवळजवळ एकच रंग उरतो.

तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे: तार किती बारीक, हा अर्धाच प्रश्न आहे. कलेचे भान जितके अंतर टिकते त्या अंतरापेक्षा तार लहान आहे की मोठी, हा खरा प्रश्न. लहान आणि मोठ्याच्या या सीमेवरच्या प्रदेशाला मध्यजग म्हणायला हरकत नाही. हजारो-लाखो अणूंची वस्तू, म्हणजे एकट्या अणूच्या मानाने अवाढव्य. तरीही तिला पुंजयामिकीचे नियम थेट लागू होतात.

भोकातले क्षेत्र

आता चुंबकाकडे वळू. याकीर अहरोनोव्ह आणि डेव्हिड बोम यांनी १९५९ मध्ये एक चक्रावून टाकणारे विधान केले. इलेक्ट्रॉनची लहर दोन वाटांनी जाऊन पुन्हा एक होत असेल आणि त्या वाटांनी वेढलेल्या जागेत चुंबकीय क्षेत्र असेल, तर इलेक्ट्रॉनला ते क्षेत्र कुठेही न लागताही दोन लहरींच्या कलांमध्ये फरक पडतो. तो फरक वेढलेल्या एकूण चुंबकीय अभिवाहावर, म्हणजे क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ यावर, अवलंबून असतो. अभिवाह h/e एवढा वाढला की कलेत पूर्ण एक फेरा पडतो आणि सगळे मूळ पदावर येते. इथे h हा प्लांकचा स्थिरांक आणि e इलेक्ट्रॉनचा प्रभार.

हे गणित अकरावी-बारावीच्या मुलांना घालण्यासारखे आहे. h आहे ६.६३ × १०⁻³⁴ ज्यूल-सेकंद, e आहे १.६० × १०⁻¹⁹ कूलोम. भागाकार ४.१४ × १०⁻¹⁵ वेबर. कडीचा सरासरी व्यास ०.८२ मायक्रोमीटर धरला तर तिचे क्षेत्रफळ ५.३ × १०⁻¹³ चौरस मीटर. भाग दिला की ०.००७८ टेस्ला. प्रयोगात मिळाले ०.००७६. कडीचा व्यास मोजण्यातली अनिश्चितता लक्षात घेता याहून चांगला मेळ मागू नये. आपल्याकडच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या हे पावणेदोनशे-दोनशे पट भरते. प्रयोगशाळेत सहज देता येते. हेच गणित एक सेंटिमीटर व्यासाच्या कडीसाठी करा. पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे आठ लाखाव्या भागाने एक आवर्तन पुरे होईल. म्हणजे कलेचे भान टिकते असे मानले, तरी मोठ्या कडीत हे पाहणे का अवघड आहे ते मुलांच्या लगेच ध्यानात येते.

एक खुलासा करायला हवा. सोन्याच्या कडीच्या प्रयोगात थोडे क्षेत्र तारेच्या अंगातूनही जात होते, त्यामुळे 'न लागताही' या भागाची ही काटेकोर कसोटी नव्हे. ती कसोटी जपानमध्ये हिताची कंपनीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये पुरी केली. त्यांनी कंकणाकृती चुंबक अतिवाहकाने मढवून त्याचे क्षेत्र आत कोंडले आणि तरीही इलेक्ट्रॉनच्या कलेत फरक पडतो हे दाखवले.

चुका की बोटांचे ठसे

या प्रयोगाच्या आधीची गोष्ट मला प्रयोगापेक्षा अधिक आवडते. आयबीएमच्या याच गटाने आधी बनवलेल्या कड्यांच्या तारा कडीच्या मानाने रुंद होत्या. त्यांत अपेक्षित नियमित आवर्तने काही दिसेनात. दिसले ते वेडेवाकडे चढउतार. कागदावर मुलाने रेघोट्या ओढाव्यात तसे. आपल्या प्रयोगशाळेत असा आलेख आला असता तर आपण 'प्रायोगिक त्रुटी' असे लिहून मोकळे झालो असतो, आणि मुलाने त्यांतून सरळ रेषा ओढली असती तर त्याला गुण दिले असते.

पण क्षेत्र खाली आणून पुन्हा वाढवले तर तेच चढउतार, त्याच जागी, त्याच उंचीचे येत होते. गोंगाट असा वागत नाही. नमुना तापवून खोलीच्या तापमानाला आणला आणि पुन्हा थंड केला की मात्र वेगळेच चढउतार मिळत. कारण तेवढ्या उष्णतेने काही अशुद्धी जागच्या हलत. दुसरा तुकडा लावला, नवी नक्षी! प्रत्येक नमुन्याचा आपला आपला ठसा होता, बोटाच्या ठशासारखा. ए. डग्लस स्टोन यांनी १९८५ मध्ये याचा उलगडा केला. तारेच्या रुंदीतच इलेक्ट्रॉनच्या असंख्य वाटा एकमेकींना छेदून लहान-मोठी वेटोळी तयार करतात. क्षेत्र त्या प्रत्येक वेटोळ्यात शिरते आणि प्रत्येकाचे आवर्तन निराळे असते. सगळ्यांची मिळून होते ती ही वेडीवाकडी रेघ. इलाजही त्यातूनच सुचला: तार अरुंद करा, भोक मोठे करा. तसे केल्यावर नियमित आवर्तने वर आली. त्याच सुमारास येल विद्यापीठात वेंकट चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही चांदीच्या आणि ॲल्युमिनियमच्या एकेकट्या कड्यांत ती पाहिली.

या चढउतारांचा आकारही मजेदार आहे. पॅट्रिक ली आणि स्टोन यांनी, तसेच रशियात बोरिस अल्तशुलर यांनी दाखवले, की वाहकता, म्हणजे रोधाचा व्यस्तांक, साधारण e²/h एवढ्याने खालीवर होते. मग धातू सोने असो की चांदी, अशुद्धी थोड्या असोत की फार. e²/h म्हणजे एक भागिले २५,८१३ ओहम. तीस ओहमच्या कडीत यामुळे किती फरक पडेल? तीसचा वर्ग भागिले २५,८१३, म्हणजे ०.०३५ ओहम. हजारात एक. वर दिलेला आकडा हाच. आणि हाच २५,८१३ ओहम पुंजित हॉल परिणामात येतो, ज्यावरून आज जगभर ओहमचे प्रमाण ठरवले जाते. ओहमचा नियम जिथे लटपटतो तिथूनच ओहम हे एकक पक्के होते, ही गंमत वर्गात सांगण्याजोगी आहे.

यापूर्वी, १९८१ मध्ये, मॉस्कोत शार्विन आणि शार्विन या जोडीने केसाहून बारीक अशा क्वार्ट्झच्या धाग्यावर मॅग्नेशियमचा पापुद्रा चढवून एक पोकळ नळी बनवली होती. तिच्या रोधातही आवर्तने दिसली, पण h/e ची नव्हे, त्याच्या निम्म्या, h/2e ची. निम्मी का? लांब नळी म्हणजे एकावर एक रचलेल्या पुष्कळ कड्या. प्रत्येकीतल्या अशुद्धी वेगळ्या, त्यामुळे प्रत्येकीच्या h/e आवर्तनांची सुरुवात वेगळ्या ठिकाणी होते आणि बेरजेत ती एकमेकांना खोडतात. परंतु काही इलेक्ट्रॉन नळीला पुरता वेढा घालून निघाल्या जागी परत येतात. त्याच वाटेवर डावीकडून गेलेली लहर आणि उजवीकडून गेलेली लहर, दोघींना तेच अणू उलट क्रमाने भेटतात. अशुद्धी कितीही वेड्यावाकड्या असल्या तरी दोघींचा प्रवास तंतोतंत समान! म्हणून हे व्यतिकरण कधीच खोडले जात नाही, आणि पुरता फेरा दोन्ही बाजूंनी असल्याने अभिवाहाचा परिणाम दुप्पट होतो. परत येणाऱ्या लहरी एकमेकींना बळ देतात, म्हणजे इलेक्ट्रॉन मागे फिरण्याची शक्यता वाढते, म्हणजे रोध किंचित वाढतो. थंड, पातळ धातूचा रोध चुंबकीय क्षेत्र लावल्यावर बहुधा थोडा कमी होतो, त्याचे हे कारण.

लटकलेली कडी

आता ज्या प्रयोगामुळे माझ्या वर्गातल्या उत्तराची मला खरी लाज वाटली, तो सांगतो. १९८७ मध्ये उम्बाख, वेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक बारीक सोन्याची तार घेतली आणि तिच्या बाजूला एक छोटी कडी लटकवली. लटकवली म्हणजे धारेच्या मार्गाबाहेर. तिच्यातून पलीकडे जायला वाटच नाही. आपण फळ्यावर असे मंडल काढले तर मुलांना सांगू, "ही कडी पुसून टाका, तिच्यातून धारा जात नाही, तिचा रोधाशी संबंध नाही." प्रयोगात तारेचा रोध मोजला आणि क्षेत्र वाढवले, तर त्यात h/e ची आवर्तने होती. धारा कडीतून वाहत नव्हती, पण काही इलेक्ट्रॉनच्या लहरी तिकडे डोकावून, फेरा मारून परत येत होत्या, आणि भोकातल्या अभिवाहाची बातमी तारेत आणत होत्या.

रोध हा तुकड्याचा खासगी मामला राहिला नाही, तो असा. 'या तुकड्याचा रोध किती?' हा प्रश्नच त्या जगात अपुरा ठरतो. तुकडा कशाला जोडला आहे, शेजारी काय लटकते आहे, हेही सांगावे लागते. रोल्फ लँडाउअर यांनी तर १९५७ पासूनच असे मांडले होते, की रोध म्हणजे लहर किती पार जाते आणि किती परत फिरते याचा हिशेब. आपल्याकडेही या विषयावर मोलाचे काम झाले. अव्यवस्थित तारेतून लहरी पार होण्याच्या शक्यतांचे जे समीकरण आज दोरोखोव्ह, मेलो, परेरा आणि कुमार यांच्या नावाने ओळखले जाते, त्यातले कुमार म्हणजे बंगळूरचे नरेंद्र कुमार. भुवनेश्वरच्या भौतिकी संस्थेत अरुण जयन्नवर यांनी अशा कड्यांमधल्या धारांवर दीर्घकाळ काम केले.

कड्यांमधल्या धारांवरून आठवले. १९८३ मध्ये ब्यूटिकर, इम्री आणि लँडाउअर यांनी भाकीत केले होते, की बाहेरून काहीही न जोडलेल्या साध्या धातूच्या बारीक कडीत, भोकातून अभिवाह असेल तर, न थांबणारी धारा वाहत राहील. बॅटरीविना, आणि धातू अतिवाहक नसतानाही. १९९० मध्ये तांब्याच्या सुमारे एक कोटी कड्या एकत्र मोजून तिची चाहूल लागली. पुढे २००९ मध्ये येल विद्यापीठात ॲल्युमिनियमच्या कड्या एका हलत्या सूक्ष्म पट्टीवर बसवून, पट्टीच्या कंपनांतला फरक मोजून, ती नेमकेपणाने मोजता आली.

भिवंडीहून पन्नासेक किलोमीटरवर, कुलाब्याला समुद्राच्या काठी टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे द्रव हेलियम तयार होते, इलेक्ट्रॉनांच्या झोताने नॅनोमीटर मापाची नक्षी काढता येते, आणि मंदार देशमुख यांचा गट ग्राफीनसारख्या एका अणूच्या जाडीच्या थरांतून वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनचा अभ्यास अतिशय थंड तापमानाला करतो. देशमुख यांना २०१५ साली भटनागर पुरस्कार मिळाला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. करताना त्यांनी धातूच्या नॅनोमीटर आकाराच्या कणांतून एकेक इलेक्ट्रॉन जाण्यावर काम केले होते. मुलांना हा विषय 'तिकडचा' वाटतो, म्हणून हे मुद्दाम सांगावे.

एक प्रश्न मात्र बरीच वर्षे लोंबकळत होता. तापमान शून्याकडे नेत गेलो, तर कलेचे भान अमर्याद अंतरापर्यंत टिकेल का? १९९७ मध्ये वेब यांच्याच गटाने सोन्याच्या तारांत मोजले तेव्हा एका मर्यादेनंतर ते अंतर वाढेनासे झाले. निरपेक्ष शून्यालाही लहर आपले भान हरपते की काय, अशी शंका निघाली आणि मोठा वाद पेटला. पुढे इतर गटांनी अतिशुद्ध चांदीच्या आणि सोन्याच्या तारा घेऊन पाहिले. त्यांत ते अंतर अपेक्षेप्रमाणे वाढतच राहिले. मग त्याच चांदीत मँगनीजचे अणू मुद्दाम मिसळले, दहा लाखांत एक किंवा त्याहूनही कमी, आणि वाढ थांबली. मँगनीजचा अणू जागचा हलत नाही. पण त्याला स्वतःचे चुंबकत्व असते आणि इलेक्ट्रॉन भेटला की त्याची दिशा उलटू शकते; म्हणजे जागेवर बसूनही तो हलता असतो. दहा लाख अणूंत एखादाच असा पुरतो.

गेल्या वर्षी बटर पेपरचा प्रयोग करताना एका मुलाने कागद न हलवता त्याच्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब पसरत असेपर्यंत भिंतीवरचे दाणे थोड्याच जागेत सळसळत राहिले, बाकीची नक्षी मात्र जशीच्या तशी होती. थेंब वाळल्यावर तिथेही दाणे स्थिर झाले. पण आधीचे नव्हेत, नवे. त्याने वहीत दोन्ही चित्रे काढून ठेवली आहेत.